एका माणसाचा स्वयंपाक

आमच्या लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणतात. शर्ट, चादरी, पडदे, जे हाताला लागेल त्याची ती घडी घालते. वडापावचा नाही तर औषधाचा कागद असो, घडी घातल्याशिवाय तो तिच्या हातून कचऱ्यात जात नाही. मालक म्हणतात, हिला वाऱ्यावर सोडलं तर ही वाऱ्याचीही घडी घालेल.

तिची जागा मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीपाशी. माझी पुढे, काउंटरवर. साहित्याची पदवी घेऊन मी कपड्यांना चिठ्ठ्या लावते. पहिल्याच आठवड्यात मी कुणाचा तरी कोट भलत्याच माणसाला दिला. मालक बोलायला लागले तेव्हा ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, शिकलेली आहे, शिकेल. तेव्हापासून आमची मैत्री. ती माझ्या आईपेक्षा मोठी आहे. त्याने काही अडत नाही.

गेल्या वर्षी ती माळ्यावर कपडे ठेवायला जाताना जिन्यात मध्येच थांबायला लागली. आधी म्हणाली, वय झालं. मग म्हणाली, वाफेने होतं. एक दिवस पडद्याची घडी अर्धवट टाकून ती स्टुलावर बसली. ती अर्धी घडी बघून मालकच घाबरले. त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं, सोबत मला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. बदलावी लागणार होती, आणि हिवाळ्याच्या आत. नाही बदलली तर काय, हे ताईने विचारलं नाही. मी विचारलं. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, बदलायचीच आहे.

एवढा खर्च तिच्याच्याने सात जन्मांत झाला नसता. पण आरोग्य कार्ड असलं की सगळं फुकट होतं. ताईकडे कार्ड नव्हतं. कधी आजारीच पडली नव्हती.

तिचं घर मी आधी पाहिलं होतं. दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. धाकट्या दिराने आणि त्याच्या बायकोने तिला आपल्यातच ठेवून घेतलं. खरं तर कुणी कुणाला ठेवून घेतलं हे सांगणं अवघड आहे. दीर लिफ्ट दुरुस्त करतो. जाऊ घरीच शाळांचे गणवेश शिवते. त्यांच्या दोन मुलांना ताईनेच अंगाखांद्यावर वाढवलं. मुलं तिला मोठी आई म्हणतात. सकाळचा स्वयंपाक ताईचा, संध्याकाळचा जावेचा. भांड्याला भांडं लागायचंच, पण सगळं एका शेगडीवर. शेजारचे भाऊ वेगळे झाले तेव्हा ताईने आठवडाभर मला तेच सांगितलं, जसं काही कुणी गेलंच होतं.

कार्डासाठी आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. रांग दारातून बाहेर जिन्यावर आली होती. आमच्या मागे एक आजोबा होते. त्यांच्या हातातली पिशवी सगळ्या दाखल्यांनी फुगली होती. ते म्हणाले, आजारी पडायचं असेल तर तब्येत दणकट लागते. लोक हसले. ताईही हसली आणि तिला दम लागला.

खिडकीवरच्या बाई भराभर प्रश्न विचारत होत्या. नाव, वय, काम. घरात किती माणसं. जेवण एकत्र की वेगळं.

ताई इतका वेळ थकलेली होती. हा प्रश्न आल्यावर ती ताठ झाली.

“एकत्रच. आमच्यात तुझं-माझं नाही हो. एक शेगडी, एक तिखटाचा डबा. इतकी वर्षं झाली, कधी वेगळं ताट मांडलं नाही आम्ही.”

खिडकीवरच्या बाईंची बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं. त्यांना काही सुचवायचं होतं असं मला वाटलं. पण ताई आवाज चढवून बोलली होती, शेजारच्या टेबलावरचे साहेबही ऐकत होते. बाईंनी बटण दाबलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. म्हणजे दिराचा पगार ताईच्या उत्पन्नात धरायचा. दीर त्याच वर्षी नोकरीत कायम झाला होता. त्या दिवशी ताईने सगळ्या लाँड्रीला पेढे वाटले होते. आता त्या कायमपणामुळे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेच्या वर गेलं. कार्ड मिळणार नाही.

मागचे आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो बाई, हे इथे सांगायचं असतं का? इथे सगळे एकटे असतात. मी तर लग्नच झालं नाही म्हणून सांगतो. ही मागे उभी आहे ती बायको माझी.”

मागची आजी म्हणाली, मला तरी कुठे झाल्यासारखं वाटतंय.

खिडकीवरच्या बाईंनी आवाज खाली आणून मार्ग सांगितला. खरोखर वेगळं राहत असाल तर विभक्त कुटुंबाचा दाखला आणा. अर्ज द्या, पाहणीला माणूस येईल. वेगळी शेगडी, वेगळी भांडी, वेगळा किराणा बघेल. कधी येईल ते सांगत नाहीत.

अर्ज करायलाच पावसाळ्याचा निम्मा काळ गेला. विजेचं बिल दिराच्या नावावर होतं, म्हणून राहण्याचा पुरावा धरेनात. त्यासाठी दुसऱ्या इमारतीत जायचं. तिथले साहेब प्रशिक्षणाला गेलेले. ते आले तेव्हा सर्व्हर बंद. सर्व्हर चालू झाला तेव्हा ताईचा फोटो चालेना, कारण फोटोत तिचे डोळे मिटलेले होते. फोटोवाला म्हणाला, हिला बसल्या बसल्या झोप लागते, मी काय करू. प्रत्येक इमारतीला जिना होता. प्रत्येक जिन्यावर ती मध्ये थांबायची आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखं करायची. लोकांना वाट द्यायला ती बाजूला व्हायची. मी तिच्याबरोबर थांबायचे. त्या सूचना मला पाठ झाल्या.

घरी दिराने विषय एका वाक्यात मिटवला. तो म्हणाला, वहिनी, मित्राकडून एक शेगडी आणतो, पुढच्या खोलीत मांडू, माणूस बघून गेला की परत. जाऊ म्हणाली, नाटकच करायचं तर पुरतं करू, मी त्याच्यासमोर भांडायलाही तयार आहे, मनात पुष्कळ साठलंय. सगळे हसले. मीही तिथेच होते. तेव्हा तो चेष्टेचा विषय होता.

ताई हसली नाही. तिला खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाईकाला ‘उद्या नक्की’ एवढंही तिच्याने सांगवत नाही, म्हणून ते काम मालकांनी मला दिलंय. ती म्हणाली, माणूस समोर येऊन विचारणार आणि मी कुठे बघू? माझ्या तोंडावर दिसेल सगळं. त्यापेक्षा खरंच वेगळं राहू. दाखला मिळेपर्यंत. मग विचारू दे कुणालाही काहीही.

मला तेव्हा ते चांगलं वाटलं. सगळ्यांनाच वाटलं.

पुढच्या खोलीत तिच्या खाटेच्या पायथ्याशी शेगडी आली. दोन पातेली, एक कढई, मिठाची बरणी. पहिल्या दिवशी मुलांना मौज वाटली. त्यांनी मोठ्या आईकडे पाहुणे म्हणून जेवायला येतो म्हटलं. ताईने त्यांना हाकललं. जेवताना पाहणीवाला आला तर?

तो आला नाही. पहिल्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. मी ऑफिसात चौकशी केली तर म्हणाले, यादीत आहे, येईल. येईल म्हणजे कधीही येईल. म्हणून रोज तो आत्ताच येणार आहे असं समजून राहायचं होतं.

एका संध्याकाळी जावेने वाटीत भाजी घालून मुलीच्या हाती पाठवली. ताईला आवडते म्हणून मुद्दाम केलेली. ताईने वाटी तशीच परत पाठवली. हा सगळा प्रसंग तिनेच मला दुसऱ्या दिवशी सांगितला. ती म्हणाली, भांडं आतलं होतं गं, ओळखलं असतं त्याने. मी विचारलं, जावेला तसं सांगितलं का? ती म्हणाली, त्यात काय सांगायचं, तिला माहीतच आहे.

जावेला माहीत होतं. तरी वाटी परत आली ती आलीच. तिने पुन्हा पाठवली नाही.

त्यानंतर लहान लहान गोष्टी झाल्या. जाऊ ताईचे कपडे आपल्या कपड्यांबरोबर धुवायची, ते राहून जायला लागलं. ताईची मिठाची बरणी संपली तर ती आत न मागता वाण्याकडे गेली, दम खात गेली. किराणा वेगळा दिसला पाहिजे. धाकटा मुलगा शाळेतून आल्यावर आधी कुठल्या खोलीत खायला मागायचं यावरून रडला. जाऊ त्याला म्हणाली, जे आहे ते इथे आहे, तिकडे केस चालू आहे. ताईने ते ऐकलं. दीर दोघींच्या मधून कामावर जायचा आणि यायचा. तो दिवसभर अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढतो.

मी एकदा जावेशी बोलायला गेले. ती मशीनवर बसली होती, ओठांत दोरा. तिने तो तोडला आणि म्हणाली, “अगं, मला कळतं ते. मी काय कुक्कुलं बाळ आहे? आजारासाठी चाललंय, सगळं कळतं. पण माझी वाटी परत करताना त्यांनी मान तरी वर करायची.”

मी हे ताईला सांगितलं नाही. काय सांगणार.

पाऊस संपला. ताईच्या पायांवर सूज यायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी कार्डाचं विचारलं. मी म्हटलं, पाहणी व्हायची आहे. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. ते म्हणाले, यावर फार दिवस निघणार नाहीत.

ज्या दिवशी पाहणीवाला आला त्या दिवशी ताई इस्त्रीपाशीच खाली बसली होती. मालकांनी रिक्षा बोलावली. मी तिला घरी आणून खाटेवर टेकवलं आणि पाणी दिलं. जाऊ आतल्या दारात येऊन उभी राहिली. काय झालं, तिने मला विचारलं, ताईला नाही. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी कडी वाजवली.

पाहणीवाला मला वाटला होता तसा नव्हता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, एका बुटाची टाच झिजलेली. जिन्याचा कठडा धरून तो श्वास घेत होता. खाली त्याला अजून किती घरं करायची होती कुणास ठाऊक. त्याने खाटेवरच्या ताईकडे पाहिलं, दारातल्या जावेकडे पाहिलं. मग जावेलाच विचारलं, ह्या तुमच्यात जेवतात का?

ताईने बोलायला तोंड उघडलं. तिला दम पुरला नाही. आपण बोलू या, असं मला वाटलं, पण प्रश्न जावेला होता. सगळं जावेवर आलं. ती हो म्हणाली असती तर कार्ड गेलं होतं.

“नाही,” जाऊ म्हणाली. “त्यांचं त्यांचं असतं.”

“कधीपासून?”

“त्यांनाच विचारा. त्यांनीच केलं वेगळं.”

आवाजात राग नव्हता. शिलाईचा भाव सांगावा तसं ती म्हणाली. पाहणीवाल्याने लिहून घेतलं. शेगडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने पाणी मागितलं. जाऊ सवयीने आत वळली, मग थांबली, आणि पुढच्या खोलीतल्या ताईच्या माठाकडे तिने बोट केलं. मी उठून पाणी दिलं. ताई भिंतीकडे बघत होती.

त्याला खाली सोडायला मी गेले. दाखला मिळेल ना, विचारलं. तो म्हणाला, मिळेल. मी म्हटलं, तुम्ही आत काही बघितलं नाही. तो हसला नाही.

“शेगड्या काय, सगळेच मांडतात,” तो म्हणाला. “खोटे वेगळे झालेले माझ्यासमोर भांडून दाखवतात. खरे झालेले एकमेकींकडे बघत नाहीत. ह्या दोघींचं खरं आहे.”

मी जिन्यातच बसले. वर जायला मला बराच वेळ लागला.

कार्ड आलं. हिवाळा लागायच्या आत झडप बदलली. दवाखान्यात मी आणि दीर आळीपाळीने बसलो. मुलांच्या परीक्षा होत्या, जाऊ एकदाच येऊन गेली. ताई तेव्हा शुद्धीवर नव्हती. जाऊ काचेबाहेर उभी राहिली, नर्सने हटकेपर्यंत. मग खाली जाऊन तिने गणवेशाची उरलेली बटणं लावली, म्हणजे ती तेवढं काम सोबत घेऊनच आली होती. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी पथ्य सांगितलं ते मी ऐकलं, दिराने ऐकलं. दीर विसरला. मी ताईला सांगितलं.

ताई हळूहळू हिंडाफिरायला लागली. ओठांवरचा निळेपणा गेला. जिन्यात थांबेना. एक दिवस ती मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली, मला वाटलं आभार मानायला. खिडकीवर त्याच बाई होत्या. ताईने विचारलं, आता झालं सगळं, तर आम्ही पहिल्यासारखं एकत्र जेवलं तर चालेल ना?

बाईंनी तिचं कार्ड हातात घेतलं. त्या म्हणाल्या, आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील. त्या कार्डावरच मिळतात. तपासण्याही. कार्ड दर वर्षी नवं करावं लागतं. त्याआधी पाहणी होते.

“गोळ्या किती दिवस?” ताईने विचारलं.

ते तिला माहीत होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जन्मभर.

बाईंनी कार्ड परत दिलं आणि पुढच्याला बोलावलं. परत येताना ताई बसथांब्यावर बसल्यावर म्हणाली, म्हणजे मी बरी झाले. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, चला.

आता ती अर्धा दिवस कामावर येते. पुढच्या खोलीत स्वतःचं रांधते. एका माणसाचा स्वयंपाक तिला जमत नाही. इतकी वर्षं तिचा हात पाच जणांच्या मापाचा आहे, मूठ आपोआप तेवढीच भरते. उरलेलं टाकवत नाही, आत देता येत नाही. म्हणून ती डबा भरून माझ्यासाठी आणते. मी काउंटरमागे बसून रोज खाते. मालक म्हणतात, ऑपरेशन तिचं झालं आणि अंग हिला चढलं.

परवा दुपारी ताई घरी गेल्यावर जाऊ लाँड्रीत आली. गणवेशांचा गठ्ठा इस्त्रीला द्यायचा होता. एरवी ती दिराच्या हाती पाठवते. मी जेवत होते. तिने डब्याकडे पाहिलं. भाजीच्या फोडी कशा चिरल्या आहेत ते पाहिलं. मग गठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, त्यांच्या हातचं ना?

मी डबा तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, नको, कुणी बघितलं तर. मग स्वतःच म्हणाली, इथे कोण बघायला येतंय. आणि मागच्या खोलीत इस्त्रीपाशी स्टुलावर बसून ती खायला लागली. घाईघाईने नाही. बोटं चाटून. खूप दिवसांनी घरचं खाणाऱ्या माणसासारखी.

निम्मं झाल्यावर ती थांबली. “अळणी करायला लागल्या की काय? हात बिघडला त्यांचा.”

“मीठ बंद आहे ना,” मी म्हटलं. “डॉक्टरांनी सांगितलंय. आता कायमचंच.”

तिने माझ्याकडे पाहिलं. हातातला घास तसाच राहिला. एका घरात, मधल्या दाराच्या अलीकडे पलीकडे, दोघी रोज रांधत होत्या.

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

तिने खाली मान घालून तो घास खाल्ला, मग पुढचा. डबा संपवला. नळाखाली धुतला, पुसून माझ्यापुढे ठेवला, आणि गणवेश कधी मिळतील ते विचारलं. मी म्हटलं, उद्या नक्की.